टिंब खाली, रेघ वर

खिएम या नावाचा अर्थ नम्र. आईबापांनी हौसेनं ठेवलं असणार. मूल पाळण्यात असताना कुणाला काय कळतं. व्हिन्ह लाँगच्या आमच्या गल्लीत माणसाला नावानं नाही, जन्माच्या क्रमानं हाक मारतात. मी आठवी, म्हणून लहानथोर सगळे मला आठवी म्हणतात. माझ्या मागच्या खोलीत काही महिने राहिली ती सातवी आजी. या रीतीनं खिएम पाचवा. पण त्याला पाचवा दादा म्हटलेलं खपत नाही. त्याला 'मास्तर' म्हणायचं. कुठल्या शाळेचा मास्तर म्हणाल, तर कुठल्याच नाही. तो घरांचे नकाशे काढतो. इंजिनियरही नाही. सही करणारा इंजिनियर बाजाराच्या पलीकडे बसतो, आणि खिएमचे नकाशे न वाचता सही करतो. न वाचण्याचं कारण आदर असतो असं खिएम समजतो.

उजव्या करंगळीचं नख त्यानं एका पेराएवढं वाढवलंय. आपण हातानं जड काम करत नाही हे जगाला दिसावं म्हणून. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तो त्याच नखानं भिंती दाखवतो आणि त्याच नखानं कानही कोरतो. कुठलं काम आधी झालं हे गिऱ्हाइकानं ठरवायचं.

त्याचं दुकान माझ्या गाड्याच्या बरोबर समोर. मी सकाळी नूडलचं सूप आणि सोयाबीनचं दूध विकते. आठ वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हातानं पाटी रंगवली, आणि तिथून आमचं बिनसलं. आमच्या लिपीत अक्षर तेच राहतं, पण डोक्यावरची किंवा पायाशी असलेली छोटीशी खूण बदलली की शब्द बदलतो. 'दूध' लिहायला डोक्यावर लाट काढायची. मी गळासारखा वाकडा आकडा काढला. इकडे दक्षिणेत बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं, मग हाताला फरक कुठून कळणार? पण त्या आकड्यानं दुधाची 'दुरुस्ती' झाली. पाटीवर आलं, 'सोयाबीनची दुरुस्ती, थंड आणि गरम'.

खिएम रस्ता ओलांडून आला, कमरेवर हात ठेवून पाटी वाचली आणि म्हणाला, "आठवे, माझं सोयाबीन सकाळपासून चालू होत नाहीये. बघतेस का?"

एकदा म्हणाला असता तर मीही हसले असते. आठ वर्षं म्हणत होता. त्याच्या डोळ्याला दुसऱ्याची खूण चुकलेली लगेच दिसते. लग्नाच्या पत्रिका तो लाल पेनानं सुधारून परत पाठवतो. मासळीवाल्या चौथ्या काकांची तिरडी निघाली, तेव्हा फुलांच्या चक्रावरच्या फितीत एक खूण राहिली होती. यानं खिशातून पेन काढलं, अंत्ययात्रा थांबवली आणि ती लावली. काकांचा मुलगा रडायचा थांबून बघत राहिला.

त्याच्या नकाशांचं मात्र कौतुक व्हायचं. करणारा बहुतेक वेळा तोच. बिघडलेली प्रिंट तो माझ्याकडे आणून द्यायचा. "टेबलावर अंथर, आठवे. लोक खाता खाता काहीतरी चांगलं बघतील." मी अंथरायची, वर जाड प्लास्टिक घालायची. कागद फुकटचा, आणि मिरचीच्या सॉसचे डाग प्लास्टिकवरून पुसले जातात.

नकाशाच्या उजव्या बाजूला सूचनांची यादी असते. भिंत किती जाडीची, पाइप कुठून काढायचा, कितव्या आकड्याची खोली कशासाठी. खोल्यांवर तो नुसते आकडे टाकायचा, नावं सगळी यादीत. "नकाशाच्या अंगावर अक्षरं म्हणजे पोरीच्या तोंडावर देवीचे व्रण," हे त्याचं मत. ही यादी तो एकेक ओळ सुटी लिहायचा. अठ्ठावीस सूचना म्हणजे अठ्ठावीस सुटे तुकडे. मध्ये एखादी घालायची झाली, की खालच्या सगळ्या एकेक करून खाली सरकवायच्या. लोक सांगायचे, अहो, सगळ्याचा मिळून एक परिच्छेद करा, मध्ये ओळ घातली की बाकीच्या आपोआप सरकतात. हा म्हणायचा, "परिच्छेद आळशांसाठी. माझी प्रत्येक ओळ स्वतःच्या पायावर उभी असते."

हे स्वावलंबन ओळींपुरतंच. सकाळचं सूप त्याची बायको माझ्याकडून नेऊन त्याच्या पुढ्यात ठेवते, आणि लिंबूही तीच पिळून देते.

आता सातवी आजी. वय एकोणऐंशी, तोंडात दात चार, तेही एकमेकांपासून फटकून. तिचं जुनं घर पाडून त्याच जागेवर तीन मजली अरुंद घर बांधायचं ठरलं. मुलगा हाऊ सायगावात मोटरसायकली दुरुस्त करतो. आता गावी यायचं, तळमजल्यावर स्वतःचं दुकान टाकायचं आणि हाताखाली दोन कामगार ठेवायचे असा त्याचा बेत. घर होईपर्यंत आजी माझ्या मागच्या खोलीत राहायला आली. सोबत दोन बोचकी आणि नवऱ्याचा फोटो. आजोबांना जाऊन तीन वर्षं होत आली होती. माझ्या घरात उंच जागा एकच, फ्रिजचा माथा. फोटो, उदबत्तीची वाटी आणि पाण्याचा पेला तिथं ठेवला. फ्रिजचं मशीन सुरू झालं की आजोबा थरथरायचे.

आजीला ते बघवायचं नाही. "थोडे दिवस कळ काढा," ती फोटोला सांगायची. "या श्राद्धाला तुम्ही आपल्या घरात. सगळ्यात वर. तुमच्या डोक्यावर कुणी चालायचं नाही."

त्या घराकडून तिचं मागणं एवढंच होतं. मोरी कुठं, जिना कसा, तिला काही पडलेलं नव्हतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर पूजेची खोली, समोरून उजेड, आणि आजोबांचं श्राद्ध त्या खोलीत. तिनं खिएमला हे तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा तो नख नाचवत म्हणाला, "आजी, एकदा माझ्या यादीत चढलं की दगडावर कोरलं असं समजा." आणि खरंच, नवव्या ओळीत त्यानं लिहिलं, '९: पूजेची खोली'. पहिली प्रिंट जरा तिरकी निघाली, म्हणून ती माझ्या टेबलावर आली.

पंधरा दिवसांनी हाऊचा फोन आला. दुकानातल्या तेलकट पाण्यासाठी वेगळी मोरी हवी होती. म्हणजे चौदाव्या ओळीनंतर एक नवी ओळ. खिएमनं सुस्कारा टाकला आणि एकेक ओळ सरकवायला बसला. तेवढ्यात इंजिनियरनं निरोप धाडला, फाइल उघडली की तुमच्या सुट्या ओळी इकडंतिकडं पळतात, आम्ही कंटाळलो, यापुढं यादी एकजीव नसेल तर सही नाही. झालं, एका दुपारीत मास्तरांचं जन्माचं तत्त्व बदललं.

"आठवे, बघत राहा," तो खिडकीतून ओरडून म्हणाला. "सगळ्या ओळींभोवती चौकट ओढायची, एक आज्ञा द्यायची. बास. अठ्ठावीसचा एक परिच्छेद."

"परिच्छेद आळशांसाठी ना?"

"मी करतो तेव्हा नाही."

ओळी जोडल्या गेल्या. पण त्याच्या सुट्या ओळी होत्या जुन्या काळच्या फॉन्टमधल्या. त्यात अक्षर वेगळं आणि त्यावरची खूण वेगळी टाइप व्हायची. नव्या परिच्छेदानं नवा फॉन्ट घेतला आणि जुन्या खुणा ओळखल्या नाहीत. अक्षरं उरली आणि खुणांच्या जागी चौकोन, फुल्या, कसलेकसले किडे. आख्खी यादी बोडकी.

शहाणा माणूस काय करील? एक पाऊल मागं जाईल. नाहीतर रस्ता ओलांडून माझ्या टेबलावरची जुनी प्रिंट बघेल आणि एकेक खूण लावेल. खिएम म्हणाला, "खुणा मला कोण शिकवणार?" आणि बर्फाच्या कॉफीचा एक ग्लास संपेपर्यंत त्यानं अठ्ठावीस ओळींना अंदाजानं खुणा लावल्या. मी बघत होते. जोंधळे पेरावेत तसा पेरत होता.

नवव्या ओळीत उरलं होतं 'थो'ची खोली. आता 'थो'वर तिरकी रेघ दिली तर त्याचा अर्थ पूजा. खाली टिंब दिलं तर अर्थ कामगार. बोलताना रेघेचा थो सैल सोडायचा, टिंबाचा घशात दाबायचा. खिएमच्या डोक्यात हाऊचं दुकान ताजं होतं, दोन कामगार ताजे होते. आजी शिळी झाली होती. त्यानं टिंब दिलं.

बांधकामाचा मुकादम बेन. माणूस कमी बोलतो आणि कागदाप्रमाणं काम करतो. तिसऱ्या मजल्याच्या विटा चढायला लागल्या, तेव्हा तो नकाशा घेऊन खिएमकडे आला.

"मास्तर, वरती कामगारांची खोली आहे. मग त्यांना संडास-न्हाणी कुठं?"

इथं खिएमला थांबायला जागा होती. वर कामगारांची खोली कशी, हे कुणी सांगितलं, यादी बघू. पण 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यानं आयुष्यात उच्चारलेलं नाही. बायको सांगते, ताप आला तरी कुठलं औषध द्यायचं ते डॉक्टरला तोच सांगतो.

"मी वाटच बघत होतो कोण विचारतं म्हणून," खिएम म्हणाला. "खोलीच्या मागच्या भिंतीला लागून काढा. पाइप सरळ खाली येईल." आणि जागच्या जागी त्यानं संडास काढून दिला. त्याच्या सगळ्या नकाशांमध्ये सगळ्यात भराभर काढलेलं चित्र ते.

संडासाचं भांडं डोक्यावर घेऊन गवंडी जिना चढताना मी पाहिला. मला वाटलं दुसऱ्या मजल्यासाठी असेल. हाऊ महिन्यातून एकदा यायचा, तळमजल्यावर उभा राहून दुरुस्तीसाठी गाडी उचलायच्या लिफ्टवर मोटरसायकल कशी चढेल ते मोजायचा आणि रात्रीच्या बसनं परत. आजी रोज जायची, पण गुडघ्यांमुळे खालूनच मान वर करून बघायची.

श्राद्धाला नऊ दिवस उरले तेव्हा जिन्याला कठडा लागला. आजी म्हणाली, "आठवे, मला वर ने." पायरीपायरीला थांबत आम्ही चढलो. वर मोठी खिडकी, समोरून उजेड, कालव्यावरचा वारा. आजी खूश. मागच्या भिंतीवर हात फिरवून म्हणाली, "देव्हारा इथं." मग भिंतीतल्या गोल भोकातून पाइप आलेला तिला दिसला. बाजूचं दार तिनं ढकललं. आत कोरं करकरीत भांडं, बरोबर देव्हाऱ्याच्या पाठीला पाठ लावून.

आजी सिमेंटच्या गोणीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षं हा माणूस माझ्यावर ओरडला नाही. त्याला मी इथं टेकवून बसवू? फ्रिजवर थरथरत होता ते काय वाईट होतं."

खाली आल्यावर मी निरोप धाडला. मुकादम आला, खिएमही आला. माझ्याकडे सूप गरम होतं म्हणून लगेच आला. आजी बाकावर बसली होती. तिनं एकच विचारलं, "खिएम, मी तुला काय सांगितलं होतं?"

खिएमनं मुकादमाकडं बोट केलं. "यांना वाचता येत नाही, तर मी काय करू?"

मुकादमानं खिशातून घडी काढली, टेबलावर पसरली आणि नवव्या ओळीवर बोट ठेवलं. "टिंब आहे. खाली. मी शाळेत चौथीपर्यंत गेलोय, मास्तर. टिंब कळतं."

"कॉम्प्युटर," खिएम म्हणाला. "ओळी जोडताना कॉम्प्युटरनं केलं."

"कॉम्प्युटरनं तर खुणा काढल्या होत्या," मी म्हटलं. "लावत कोण होतं? मी कॉफी दिली होती त्या माणसाला."

तो माझ्याकडे बघितल्यासारखं करून आजीकडे वळला. आणि मग जे बोलला, त्यासाठी मी हा माणूस जन्मभर विसरणार नाही. आवाज मऊ केला, लहान मुलाशी बोलतात तसा. "आजी, राग मानू नका. पण तुमच्या तोंडात दात नाहीत. तुम्ही म्हणालात पूजा, पण शब्द घशात दाबून आला. मला कामगार ऐकू आलं. तुमचा दोष नाही म्हणा, वयाचा आहे."

आजीनं ओठ मिटले. आमच्या गल्लीत चोवीस तास बडबडणारी ती बाई, पण आपल्या तोंडाची आपल्यालाच लाज वाटावी तसं तिनं तळहातानं ते झाकलं. मुकादमही खाली बघायला लागला. न जाणो, म्हातारीनं खरंच तसं म्हटलं असेल.

मी सॉसची बाटली उचलली. मग लोणच्याची बरणी, चमच्यांचा डबा, कागदी रुमाल. ओल्या फडक्यानं प्लास्टिक पुसलं. खाली त्याचीच तिरकी प्रिंट होती, जोडण्याच्या आधीची, सत्तावीस ओळी, प्रत्येक आपापल्या पायावर उभी.

"मास्तर, नववी वाचा की. माझे डोळे सकाळपासून चालू होत नाहीयेत, सोयाबीनसारखे."

त्यानं वाचली नाही. मुकादमानं वाचली. "रेघ. वर. पूजेची खोली."

"म्हणजे ऐकू नीट आलं होतं," आजी हाताआडून म्हणाली.

खिएमनं नख प्लास्टिकवर टेकवलं, जणू ती रेघ खरवडून निघेल. मग म्हणाला, "सूप गार होतंय."

मुकादमानं त्याच दुपारी भांडं उखडलं, पाइप कापला, भोक बुजवलं. पण आजीचा विश्वास उडाला होता. तिला वाटायला लागलं, या यादीत अजून काय काय असेल. तिनं फर्मान काढलं, खिएमनं माझ्या बाकावर बसून आख्खी यादी तिला वाचून दाखवायची, एकेक ओळ, सुटी सुटी. ती हो म्हणेल तेव्हाच पुढची. एका झटक्यात अठ्ठावीस जोडणारा माणूस, सकाळच्या गर्दीत, सुपाचे भुरके मारणाऱ्या लोकांमध्ये बसून एकेक ओळ सोडवत होता. सतरापर्यंत ठीक गेलं. अठराव्याला तो अडखळला.

"पुढं?" आजी म्हणाली.

"छतावर पाण्याचा..." तो थांबला. टाकीच्या डोक्यावर रेघ हवी, त्यानं आकडा दिला होता. आकड्यानं टाकीचा वाघ होतो. "छतावर पाण्याचा वाघ, हजार लिटर."

बाकावरची माणसं सूप खाली ठेवून हसली. मुकादम शांतपणे म्हणाला, "बाजारात फिरलो मी. वाघ मिळेना. टाकी होती, ती बसवली."

"मग तेव्हा विचारायचं नाही का?" खिएम चिडून म्हणाला.

"संडासाचं विचारलं होतं," मुकादम म्हणाला.

श्राद्धाच्या सकाळी आजोबांना फ्रिजवरून उतरवलं. हाऊनं फोटो छातीशी धरून तीन जिने चढवला. खापरात शिजवलेला मासा, नारळाच्या पाण्यातलं डुकराचं मटण आणि अंडी, खिमा भरलेली कारली, आजोबांना आवडायचं ते सगळं मांडलं. उदबत्त्या लावल्या. मग आजीनं दोन नाणी घेतली, एकेक बाजू चुन्यानं पांढरी केलेली. जागा पसंत आहे का हे गेलेल्या माणसाला विचारायचं आणि नाणी बशीत टाकायची. एक पांढरं, एक काळं पडलं की होकार.

पहिल्यांदा दोन्ही पांढरी. दुसऱ्यांदा दोन्ही काळी. हाऊचा चेहरा पडला. सगळ्यांना बुजवलेलं भोक दिसत होतं, प्लास्टरचं ठिगळ अजून उठून दिसत होतं.

आजीनं मागं वळून न बघता विचारलं, "खिएम आलाय का?"

आला होताच. मटणाजवळ उभा होता.

"पुढं ये. त्यांना सांग काय झालं ते."

खिएम गुडघ्यांवर बसला, हात जोडले. "आजोबा, कॉम्प्युटरच्या फॉन्टमुळं..."

नाणी पडली. दोन्ही पांढरी.

"मुकादमानं विचारायला हवं होतं..."

दोन्ही काळी.

घामानं त्याचा शर्ट पाठीला चिकटला. भुताखेतांवर आपला विश्वास नाही असं सगळ्या गल्लीला सांगणारा हा माणूस. आजीनं नाणी पुन्हा मुठीत घेतली आणि थांबली. चांगलीच थांबली.

"टिंब मी दिलं," खिएम म्हणाला. "आजी बरोबर बोलल्या होत्या. मी बघितलं नाही."

एक पांढरं, एक काळं.

हाऊनं सुस्कारा सोडला. बायकांनी नमस्कार केले. मी आजीच्या अगदी जवळ बसले होते, आणि मी माझ्यापुरतं ठेवते, पण शेवटच्या वेळी नाणी टाकताना तिचा अंगठा जरा वेगळा वळला असं मला वाटलं. आजीच्या माहेरी बाजारात पत्त्यांचा आणि फाशांचा अड्डा होता, हेही मी माझ्यापुरतंच ठेवते.

खाली पंगत बसली. खिएमनं कारली तीनदा घेतली. पहिल्या दोन वेळा मान खाली घालून खाल्ली. तिसऱ्या वाढीला हाऊच्या सासऱ्याला, जो बेन त्रे गावाहून आला होता आणि ज्याला काही माहीत नव्हतं, तो सांगत होता, "वर मुळात एक संडास येणार होता. मी म्हटलं, छे, पूजेच्या खोलीला मोकळी हवा पाहिजे. लगेच काढायला लावला."

सासरा मान डोलावत होता. आजीनं ऐकलं. तिनं चॉपस्टिकनं सगळ्यात मोठं अंडं उचललं आणि सासऱ्याच्या वाडग्यात ठेवलं, खिएमच्या नाकासमोरून नेऊन.

आता तो पुन्हा सुट्या ओळी लिहितो, आणि इंजिनियरकडून सह्या अडतात तेव्हा इंजिनियरला नावं ठेवतो. माझी पाटी मी बदललेली नाही. सोयाबीनची दुरुस्ती थंड आणि गरम अजून मिळते, आणि तो तिच्याबद्दल काही बोलत नाही. त्यानं दोनदा मला नवी प्रिंट आणून दिली, टेबलावर अंथरायला, फार सुंदर आहे म्हणून. मी घेऊन चुलीपाशी ठेवली. टेबलावर जुनीच आहे. गिऱ्हाईक बसलं की सूप त्याच्यापुढं ठेवते, सॉसची बाटली डावीकडं, बरणी उजवीकडं. नववी ओळ मध्ये उघडी राहते.